फ्रेंच बुलडॉग साडेचार वर्षंच जगतो? ज्या नोंदींवरून म्हणता, त्या आधी वाचा

हा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला, मी सोडून दिला. गेल्या आठवड्यात तोच मावसबहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, "मग लाडूचं ऑपरेशन करायचं की नको?" लाडू म्हणजे तिचा फ्रेंच बुलडॉग, चार वर्षांचा होत आलेला. दोन जिने चढला की धापा टाकतो, झोपेत घरभर ऐकू जाईल असा घोरतो. तिच्या डॉक्टरांनी नाकपुड्या रुंद करायला आणि टाळूचा मागे लोंबणारा भाग कापायला सांगितलंय. आता गप्प बसणं शक्य नाही.

मजकूर थोडक्यात असा. लंडनच्या कॉलेजने दवाखान्यांतल्या लाखो नोंदी तपासून सिद्ध केलंय की फ्रेंच बुलडॉग सरासरी साडेचार वर्षं जगतो. नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आणि कंप्युटरमधल्या, त्यामुळे चुकीला जागाच नाही. म्हणून चौथ्या वर्षानंतर त्याच्यावर खर्च करणं म्हणजे डॉक्टरांचे खिसे भरणं. आपला गावठी कुत्रा यापेक्षा कधीही जास्त जगतो. आणि नसबंदी केली की आयुष्य वाढतं, हेही म्हणे त्याच अभ्यासात आहे.

आकडा हवेतून आलेला नाही, हे मान्य करून टाकते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचा व्हेटकंपास नावाचा प्रकल्प आहे. ब्रिटनमधल्या शेकडो दवाखान्यांतल्या रोजच्या केसच्या नोंदी, नावंगावं काढून, तिथे एकत्र होतात. त्यातून २०२२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात कुत्र्यांच्या आयुर्मानाचा तक्ता छापून आला. जानेवारी २०१६ ते जुलै २०२० या काळातले ३०,५६३ मृत्यू त्यात आहेत. सगळे कुत्रे मिळून जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान ११.२३ वर्षं, जॅक रसेल टेरियरचं १२.७२ आणि फ्रेंच बुलडॉगचं ४.५३. लाखो नव्हे, साडेतीस हजार. आणि तेही सगळ्या जातींचे मिळून.

आता 'मृत्यू' या शब्दावर थांबा. तक्ता मेलेल्या कुत्र्यांवरून केलाय. त्याच वर्षांत जे फ्रेंच बुलडॉग सोफ्यावर लोळत होते, ते या हिशोबात नाहीत. लॅब्राडॉरच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही, कारण ती जात तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि सगळ्या वयांचे कुत्रे आहेत. फ्रेंच बुलडॉगचं तसं नाही. व्हेटकंपासच्याच आधीच्या एका अभ्यासात दिसतं की तिथल्या दवाखान्यांत येणाऱ्या कुत्र्यांपैकी २००३ मध्ये जन्मलेल्यांत फ्रेंच बुलडॉग ०.०२ टक्के होते, २०१३ मध्ये जन्मलेल्यांत १.४६ टक्के. त्या २०१३ साली हयात असलेल्या फ्रेंच बुलडॉगचं मध्यक वय होतं १.३ वर्षं. म्हणजे निम्मे कुत्रे सव्वा-दीड वर्षाच्या आतले. पुढे २०१८ मध्ये तर या जातीने तिथल्या केनेल क्लबच्या नोंदणीत लॅब्राडॉरलाही मागे टाकलं. ज्या जातीत म्हातारे कुत्रे अजून तयारच व्हायचे आहेत, तिथे २०१६ ते २०२० मध्ये मरणार कोण? तरुणच. हिंजवडीत नोकरीसाठी येऊन राहिलेल्या मुलामुलींमधल्या पाच वर्षांतल्या मृत्यूंचं सरासरी वय काढा, तिशीच्या आसपास येईल. म्हणून हिंजवडीत माणूस तिशीत मरतो असं कुणी लिहिणार आहे का?

आता खर्चाचा मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. साडेचार हा आकडा क्षणभर अगदी तंतोतंत खरा धरू. तरीही 'चौथ्या वर्षानंतर खर्च वाया' हे त्यातून निघत नाही. आयुर्मानाच्या तक्त्यात प्रत्येक वयासाठी वेगळी ओळ असते. शून्य वयाच्या ओळीत पिल्लूपणी, पहिल्या-दुसऱ्या वर्षी गेलेले सगळे मोजलेले असतात आणि तेच सरासरी खाली ओढतात. जो कुत्रा चार वर्षं जगून दाखवतो, त्याच्यासाठी चौथ्या वयाची ओळ वाचायची. साडेचारातून चार वजा करून 'उरले सहा महिने' म्हणणाऱ्या माणसाने तक्ता उघडून बघितलेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आणि या अडाणी वजाबाकीवर लोक श्वास कोंडणाऱ्या जनावराची शस्त्रक्रिया पुढे ढकलतायत. एप्रिलच्या उन्हात, बसक्या नाकाच्या कुत्र्याच्या बाबतीत, ही ढकलाढकली जिवावर बेतू शकते. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून अंग थंड करतो. हवेची वाटच अरुंद असेल तर कसं करणार?

जिवंत कुत्रेही मोजले तर काय होतं, तेही झालंय. ब्रिटनच्याच डॉग्ज ट्रस्ट या संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा अभ्यास दिला. दवाखाने, विमा कंपन्या, जातींची नोंदणी करणाऱ्या संस्था अशा १८ ठिकाणांहून ५,८४,७३४ कुत्रे. त्यातले जेमतेम निम्मे मेलेले, बाकीचे हयात. सगळ्यांचं मध्यक आयुष्य १२.५ वर्षं, फ्रेंच बुलडॉगचं ९.८. त्याच देशातली तीच जात, आणि दोन आकड्यांत सव्वापाच वर्षांचं अंतर. एक जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान, दुसरं मध्यक, त्यामुळे दोन्ही अगदी एका तराजूत घालता येत नाहीत. पण एवढी मोठी दरी त्याने भरत नाही. फरक कुत्र्यांत पडला नाही, यादीत कोण होतं त्यात पडला.

९.८ हेही १२.५ पेक्षा कमीच आहे. या जातीला श्वासाचा, कानाचा, त्वचेचा त्रास होतो, पाठीच्या मणक्यांचाही. मला विचाराल तर पुण्या-नागपूरच्या हवेत हा कुत्रा नव्याने घेऊच नये. फॉरवर्डवाल्यांनी एवढंच म्हटलं असतं तर मीही पुढे पाठवला असता.

आता 'कंप्युटरमधल्या नोंदीत चूक नसते' हे वाक्य. लिहिणाऱ्याने दवाखान्यात एक सकाळ तरी काढावी. मी वर्षानुवर्षं केसपेपर लिहिलेत. बाहेर आठ कुत्रे भुंकत असताना आपण लिहितो ते त्या दिवशीच्या उपचारापुरतं, दहा वर्षांनी कुणी त्याची सरासरी काढेल म्हणून नव्हे. जात मालक सांगेल ती. वय दातांवरून अंदाजे. वजनाचा काटा बिघडलेला असेल तर मागच्या वेळचंच वजन पुन्हा. 'उलट्या, जेवत नाही' एवढं लिहून सलाइन लावलं जातं. निदानाचा रकाना कोरा. लसीच्या पुस्तिकेत स्टिकर व्यवस्थित, बाकी सगळं डॉक्टरांच्या डोक्यात. ब्रिटनमध्ये निदानासाठी ठरलेल्या संज्ञांची यादी आहे, व्हेनॉम नावाची, तरी तिथेही बरीच माहिती मोकळ्या मजकुरात असते आणि संशोधकांना ती वाचून काढावी लागते.

आणि जे लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्याच २०१२ च्या एका पाहणीत, श्वासाचा त्रास स्पष्ट दिसत असलेल्या कुत्र्यांच्या मालकांपैकी निम्म्याहून जास्त जण म्हणाले, आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही. त्यांच्या लेखी घोरणं हा या जातीचा स्वभाव. मालक सांगणार नाही, घाईत डॉक्टर लिहिणार नाही, आणि संगणकात तो कुत्रा ठणठणीत म्हणून बसेल. म्हणजे याच नोंदी आयुष्य कमी दाखवू शकतात आणि आजारही कमी दाखवू शकतात. कुठल्या प्रश्नाला कुठली नोंद चालते, हे दर वेळी नव्याने तपासावं लागतं.

गावठी कुत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. व्हेटकंपासच्याच २०१३ च्या अभ्यासात संकरित कुत्रे शुद्ध जातीच्यांपेक्षा १.२ वर्षं जास्त जगले. वर सांगितलेल्या २०२४ च्या अभ्यासात उलट, संकरित १२ आणि शुद्ध १२.७. आणि यातला 'संकरित' म्हणजे ब्रिटनच्या घरात वाढलेला, कधी कॉकर आणि पूडलचंही पिल्लू. आपल्या गल्लीतला गावठी या दोन्ही अभ्यासांत नाहीच. तो टणक असेल, मलाही तसंच वाटतं, पण त्याला लंडनची साक्ष काढू नका.

नसबंदीचं: हो, नसबंदी केलेले कुत्रे तक्त्यात जास्त जगलेले दिसतात. जो मालक नसबंदी करून घेतो, तो लसही वेळेवर देतो, जंताचं औषधही देतो. यातलं कशामुळे किती, हे तक्ता सांगत नाही. नसबंदी करा, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

मग आपल्याकडचे आकडे कुठे आहेत, असं एकाने ग्रुपवर मला टोमण्यात विचारलं. प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक पाळीव कुत्र्यांचा शेवट दवाखान्यात, दयामरणाने होतो, म्हणून तारीख आपोआप लागते. आपल्याकडे कुत्रा घरी जातो, मालक दवाखान्याला कळवत नाही, आणि फाइल तशीच उघडी राहते. गाईच्या कानात निदान ओळखीचा १२ आकडी बिल्ला तरी असतो. बहिणीला मी शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला सांगितली, आणि त्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगितलं की भूल देण्याची तयारी काय आहे, शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण थांबणार, आणि वजन किती उतरवायचं. लाडूचं वजन १५ किलो आहे, आणि गेल्या तीन भेटींत ते कुणीच लिहिलेलं नाही.