हॉर्नच्या बदल्यात गारवा

आमची गाडी २००६ सालची असून तिचा एसी सिंहगड रस्त्यावर रात्री एक वाजता अतिशय उत्तम चालतो. दिवसा, म्हणजे ज्या वेळी त्याची गरज असते त्या वेळी, स्वारगेटच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की मिनिटा-दोन मिनिटांत समोरच्या जाळीतून असा वारा येऊ लागतो, की आपण इस्त्रीवाल्याच्या टपरीत बसलो आहोत असे वाटावे. अशा वेळी मागच्या सीटवरून वडील न चुकता सांगतात, की त्यांच्या लहानपणी पुण्यात उन्हाळ्यातही पंखा लागत नसे.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान झाले होते. "गॅस कमी झालाय." मी गॅस भरून घेतला. दुसऱ्या गॅरेजातही गॅसच कमी निघाला आणि मी तिथेही भरून घेतला. एसीतला आर-१३४ए हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झालाच असेल तर आधी गळती शोधून, ती बुजवून, नळ्यांतली हवा खेचून घेऊन मगच तो पुन्हा भरायचा असतो, हे सर्व मी दोनदा पैसे मोजून झाल्यावर वाचले. तिसऱ्या गॅरेजवाल्याने हा गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा कॉम्प्रेसरच 'बसला' असे सांगितले आणि खर्चाचा आकडा ऐकून मीही तिथल्या स्टुलावर बसलो.

अखेर एका रविवारी वडिलांना घेऊन नाना पेठेत गेलो. तिथल्या एका बोळातल्या तरुण कारागिराने आजवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"काका, गाडी चालू असताना गार होते आणि थांबली की बंद होते, असं आहे का?"

मी हो म्हणताच त्याने इंजिन सुरू करायला लावले, एसीचे बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'टक्' आवाज नीट ऐकला आणि माझ्याकडे एक कागद मागितला. गाडीत मुदत संपलेले पीयूसी सर्टिफिकेट होते, ते मी दिले. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीवर त्याने ते टेकवले. मागचा पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहतो, असे तो म्हणाला. आमचा कागद क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि घरंगळत गटारात गेला.

गाडीच्या आतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर टाकली जाते. गाडी धावत असताना हे काम समोरून येणारा वारा फुकट करतो, पण उभ्या गाडीत सारी मदार पंख्यावर असते, आणि तोच फिरला नाही तर गॅसचा दाब इतका वाढतो की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरलाच बंद करतो. थोडक्यात, आमचा एसी धावत्या गाडीपुरता ठणठणीत होता. पुण्यात गाडी धावत नाही, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही.

त्या मुलाने फ्यूजबॉक्स उघडून एक लहानशी काळी डबी, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा रिले, उपटून काढला आणि शेजारची तशीच डबी त्याच्या जागी बसवली. पंखा घरघरत फिरू लागला. पेट्रोलची जुनी पावती जाळीवर ठेवली, तर ती अशी चिकटली की ओढून काढावी लागली.

"ही दुसरी डबी कशाची?" मी विचारले.

"हॉर्नची. सारखीच असते. दुकानं आज बंद आहेत, उद्या येऊन नवीन रिले घेऊन जा."

अशा रीतीने बिनहॉर्नची गाडी घेऊन मी कोथरूडकडे निघालो. मागे वडिलांनी थंडी वाजते म्हणून कानाला रुमाल गुंडाळला होता. अलका चौकात एक स्कूटरस्वार गृहस्थ डावा इंडिकेटर लावून, सिग्नल हिरवा झालेला असताना, फोनवर निवांत बोलत उभे होते. मी नाइलाजाने काच खाली घेतली, कमावलेला सगळा गारवा चौकाला अर्पण केला आणि ओरडलो, "अहो, जरा बाजूला घेता का?"

त्यांनी सावकाश मागे वळून पाहिले. "हॉर्न नाहीये का गाडीला?"

"आहे," मी म्हणालो, "पण तो सध्या पंख्याला लावलाय."