पोरांना भेटू द्या की आधी!

अमेरिकेत ऑर्लँडोला गेलं की पोरांच्या हट्टापायी डिस्नेच्या थीम पार्कात पात्रांसोबतचं जेवण (कार्टूनमधल्या पात्रांचे पोशाख घातलेली माणसं टेबलाटेबलावर भेटायला येतात ते) घ्यावंच लागतं, आणि दर वेळी डोकं फिरतं ते शेजारच्या टेबलांवरच्या मोठ्या माणसांमुळे. 60 दिवस आधी बुकिंग उघडताच धावाधाव करायची, 10 वर्षांच्या पोरालाही मोठ्यांचा दर भरायचा. एवढं करून ते गुबगुबीत अस्वल येतं, आणि काका-मामा त्याला सोडतच नाहीत! सेल्फी, ग्रुप फोटो, कुणाचे डोळे मिटले म्हणून परत एक, वर घरी व्हिडिओ कॉल. एका टेबलाच्या वाट्याला जेमतेम मिनिट-दोन मिनिटं येतात हो!

माझी लेक सहीची वही उघडून, जाडं पेन धरून ताटकळत उभी. (जाडंच लागतं, त्या फुगीर हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही.) पॅनकेक गार झाला, तिला घास जाईना. शेवटी अस्वल आलं, तर मागून एक बाई मोबाईल घेऊन मध्येच घुसल्या!

अहो, ते पात्र एक शब्द बोलत नाही. ते कुणाला कसं सांगणार बाजूला व्हा म्हणून? यात आपली मंडळीही मागे नसतात, त्याचा तर जास्तच संताप येतो.