किडाबिडा काही नव्हता, माणूसच होता तो

सकाळपासून डोकं फिरलंय. पुतण्याला हौसेनं ग्रीन लँटर्न या अमेरिकन कॉमिकचे जुने अंक दाखवत होतो, जादुई अंगठीवाल्या फौजेतला नायक हॅल जॉर्डन आपल्याच लोकांवर उलटतो तो 1994 चा भाग, तर पठ्ठ्या मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "अहो काका, तो हॅल नव्हताच, त्याच्या आत पॅरॅलॅक्स शिरला होता, भीतीचा पिवळा किडा."

माहितीये मला. दहा वर्षांनी, 2004 पासून, ही सारवासारव केली कॉमिकवाल्यांनी. आणि तेव्हापासून माझं डोकं उठलंय.

अरे, त्या माणसाचं अख्खं गाव गेलं होतं! कोस्ट सिटी, 70 लाख माणसं, हा पोचेपर्यंत राख. मग 48 व्या अंकात तो त्या राखेत उभा राहून अंगठीच्या हिरव्या उजेडातनं सगळं गाव परत उभं करतो, रस्ते, घरं, आईबाप सुद्धा, त्यांच्याशी बोलतो, आणि अंगठीची ताकद संपते नि सगळं विरून जातं. वरनं ते निळे म्हातारे गार्डियन, म्हणजे ह्या फौजेचे मालक, काय म्हणतात, तर अंगठी स्वतःसाठी वापरलीस, जमा कर.

हे पान वाचलं की मला माझा मामाच दिसतो.

आमचा मामा किल्लारी भागातला. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनानंतरची पहाट, भूकंप झाला, दगडमातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मामा वाचला, मामी आणि दोन्ही पोरं गेली. पुढं पुनर्वसनाच्या गावात काँक्रीटचं घर मिळालं, तर हा अंगणात बसून काडीनं जुनं घर काढायचा. इथं ओसरी, इथं बळद, इथं चूल. आम्ही पोरं चुकून त्या रेघेवर पाय द्यायचो तर असा ओरडायचा की आई आम्हाला उचलून आत न्यायची.

एकदा कोणीतरी कागदावर सही घ्यायला आला आणि म्हणाला, तुमचं घर हेच. मामानं दगड उचलला. त्याच्या लहानपणच्या दोस्तानं मनगट धरलं म्हणून वाचला तो माणूस.

मामाच्या अंगात कुठला किडा होता, सांगा ना?

हॅलनं केलं ते भयंकरच होतं. वाटेत एकेका साथीदाराला लोळवून अंगठ्या काढून घेतल्या, जुना वैरी सिनेस्ट्रोची मान मोडली, आणि किलोवॉगला मारलं, ज्यानं ह्याला शिकवून तयार केलं त्याला. मी माफ करा म्हणत नाहीये. पण ते त्यानं केलं, दुःखानं केलं, आणि म्हणूनच झीरो अवर ह्या पुढच्या कॉमिकमध्ये ऑलिव्हर क्वीन, त्याचा जुना मित्र, त्याच्या छातीत बाण मारतो तेव्हा पोटात कालवतं. तिथं किडा घातला की तो नुसता जंतुनाशकाचा फवारा झाला!

हां, तीन अंकांत सगळी फौज संपवली ती घाई झाली, मान्य. किड्यामुळं मेलेला हॅल परत आला, पुढं परत आलेल्या सिनेस्ट्रोच्या फौजेशी युद्ध झालं ते मीही रात्रभर जागून वाचलं, तेही मान्य. पण 1996 च्या कॉमिकमध्ये सूर्य विझतो तेव्हा हाच बदनाम हॅल येतो, सूर्य परत पेटवतो आणि स्वतः जळून जातो, ते प्रायश्चित्त कुणाचं मग? किड्यानं केलेल्या पापाचं कोण कशाला जळेल?

मामा पुढं शांत झाला. त्या सहीवाल्या माणसाला स्वतः जाऊन भेटला, हात जोडले त्यानं. मी नव्हतो रे तो, असं एकदाही म्हणाला नाही. शेवटपर्यंत काडी मात्र सुटली नाही, दर पावसाळ्यात रेघा पुसायच्या, दर दिवाळीला परत काढायचा.

असो, पोरावर उगाच ओरडलो सकाळी, त्याची काय चूक, त्याला जे मिळालं ते त्यानं वाचलं. बाळा, ही पोस्ट वाचलीस तर रविवारी ये. 50 व्या अंकाचं कव्हर अंधारात चमकतं, दिवा बंद करून दाखवतो. आणि मामाचं ते घरही काढून दाखवतो, ओसरी कुठं नि बळद कुठं, मला सगळं पाठ आहे.