होतं का, काका?

दुकानातल्या पोराने माझी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली, तिला कान लावला आणि म्हणाला, “काका, महत्त्वाचं काही होतं का यात?”

होतं का! डॉक्टरसुद्धा नातेवाइकांशी बोलताना इतक्या घाईने भूतकाळात शिरत नाहीत. आत काहीतरी टक्... टक्... करत होतं, म्हणजे धुगधुगी होती, आणि हा तिच्यासमोरच दहाव्याची तारीख काढून बसला. वर ‘काका’. मला पन्नाशीला अजून दोन वर्षं अवकाश आहे, पण ते राहू द्या.

“होतं नाही, आहे,” मी म्हणालो. “अकरा वर्षांचे फोटो. आणि हा बॅकअपच आहे.”

“मग ओरिजिनल?”

“कॉम्प्युटर भरला होता ना. तिथून कट केले, इथे पेस्ट केले.”

पोराने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “काका, हा बॅकअप नाही झाला. हे तुम्ही बिऱ्हाड हलवलं.”

यावर कूलरसमोरच्या खुर्चीतून हसू आलं. तिथे एक आप्पा बसले होते. डोक्याला टोपी, मांडीवर कैऱ्यांची थैली. दुकानात त्यांचं काम काहीच नव्हतं. यावलच्या गाडीला तासभर होता, बाहेर जळगावचं मे महिन्याचं ऊन होतं आणि आत कूलर होता. एवढ्या भांडवलावर त्यांनी माझी केस हातात घेतली.

“पडली होती का?” पोराने विचारलं.

“छे! कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली. घरात त्याहून सुरक्षित जागा नाही.”

“साड्यांखाली बायका पैसे ठेवतात भाऊ,” आप्पा म्हणाले. “ते बी नंतर सापडत नाहीत.”

पोराने समजावलं. आत तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते. तिच्यावरून वाचणारं हेड फिरतं ते केसाहून कितीतरी बारीक अंतर राखून. ते बिघडलं की टकटक सुरू होते. डबी उघडायची तर बिनधुळीच्या खोलीत, म्हणजे पुण्याला पाठवायची, आणि खर्च 15 हजारांपासून पुढे.

“फ्रीजात ठेव रातभर,” आप्पा म्हणाले. “माझ्या मेहुण्याने ठेवली होती.”

“नका हो, आत पाणी धरतं,” पोरगा ओरडला.

“मेहुण्यांची चालली का मग?” मी विचारलं. बुडत्याला काडी, काय करणार?

“चालला ना. अजून चालू आहे फ्रीज.”

पोराने मग नियम सांगितला. तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आग लागो, चोरी होवो, घरातलं सगळं गेलं तरी एक उरते. मी मान डोलावत होतो, तेवढ्यात आप्पा खुर्ची ओढत पुढे आले.

“हे तर आमच्याकडे आधीपासून हाये. वाटणीपत्राच्या तीन प्रती केल्या होत्या आमच्या बापाने. एक घरी पेटीत, एक भावाकडे, एक वकिलाकडे.”

“बघा!” पोरगा मला म्हणाला. म्हणजे आता शाळा घ्यायला दोघे.

“पेटीतली वाळवीने खाल्ली,” आप्पा म्हणाले.

“आणि भावाकडची?”

“त्याच्याशी बांधावरून केस चालू हाये. तो म्हणतो, माझ्याकडे काहीच नाही.”

“वकिलाकडची?”

“वकील वारले. पोरगा अमेरिकेत. ऑफिसच्या जागी आता रसवंती हाये. रस चांगला देतो.”

“म्हणजे तिन्ही गेल्या.”

“पण होत्या ना!” आप्पा माझ्या डबीकडे बोट दाखवत म्हणाले. “तुझी एकच होती.”

याला उत्तर नव्हतं. ज्या माणसाकडे आज एकही कागद नाही, तो मला बॅकअपवरून हिणवत होता, आणि तरी बरोबर होता.

घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, क्लाउडवर टाकायचं ना.” याचं ‘टाकायचं ना’ म्हणजे ताटावर बसून ‘मीठ कमी आहे’ म्हणण्यासारखं. जीमेलच्या खात्याबरोबर फुकट मिळतात 15 जीबी. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्यातच मोजतात. तोवर फोटोंना म्हणे आभाळ मोकळं होतं. माझा माल 400 जीबी. आमच्या लाइनीचा वर चढवायचा वेग दहा एमबीपीएस, म्हणजे दिवसरात्र धरून पावणेचार दिवस, आणि तेही वीज एकदाही गेली नाही तर. आमच्याकडे लाइट जात नाही असा दिवस कॅलेंडरात लाल अक्षरात छापावा. शिवाय हाच मुलगा मागे ‘सिंक’ करत होता. फोनमधले फोटो पुसले, ते वरूनही पुसले गेले. सिंक म्हणजे आरसा. इथे मिशी काढली की तिथलीही जाते.

डिस्क कंपन्यांबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. डबीवर लिहितात एक टीबी, कॉम्प्युटर दाखवतो 931 जीबी. ते हजाराने मोजतात, कॉम्प्युटर 1024 ने. जळगावात राहतो आम्ही. इथे तोळ्याला एवढी घट दाखवून बघा! आणि वॉरंटी? वॉरंटी डबीची. आतलं गेलं तर नवी कोरी रिकामी डबी मिळते. म्हशीला रेडकू होऊन गेलं तर नवं दावं देण्यातला प्रकार.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी वहीत उतरवून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली त्यांच्या कविता छापून आल्या. एक वही आणि शाई. माझ्याकडे टेराबाइट होता, आणि त्यात आईचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ: हातावर मांडा फिरवून फिरवून मोठा करते आणि खापरावर टाकता टाकता म्हणते, “आधी तो मोबाइल ठेव, जेवायला बस.” ठेवायला पाहिजे होता. जेवलो असतो गरम गरम. बारशाचे फोटो तरी मामाकडे असतील, कोणाकोणाकडे असतील. हे कोणाकडे नाही.

तर डिस्क पुण्याला गेली आहे आणि मी दोन नव्या आणल्या आहेत. पहिलीची जागा ठरता ठरेना. माळ्यावर स्लॅब तापतो, हात लावला तर फोड येईल. कूलरच्या खोलीत दमट. इन्व्हर्टरजवळ नको. बायको म्हणाली, गव्हाच्या कोठीत ठेवा, आप्पांनी फ्रीज सांगितला होता त्यापेक्षा बरं. शेवटी ती टेबलाच्या खालच्या खणात गेली, आणि खणाला कुलूप. दुसरी घराबाहेर पाहिजे. आप्पांच्या पेटीची ऑफर नम्रपणे नाकारली आणि धुळ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला.

“आण ना दादा,” ती म्हणाली. “देवघराच्या कपाटात ठेवते. पण या वेळी चांगली घे रे. ती मागची काळी डबी किती निसटती! आखाजीला आले होते तेव्हा वहिनीची पैठणी बघायला काढली, तर थेट फरशीवर. तू उगीच चिडतोस म्हणून आम्ही दोघी काही बोललो नाही. पण पुसून ठेवली हं, अगदी होती तशी.”