पाणबुडी द्राक्षमळ्यात

माझी पाणबुडी फ्रान्समधल्या दिजाँच्या द्राक्षमळ्यांत निघाली, आणि तीही मेव्हण्याच्या देखत.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेममध्ये अस्सल नॅव्हिगेशनचा पर्याय निवडला की नकाशावरून आपल्या पाणबुडीचं चिन्ह गायब होतं. उरतात कंपास, घड्याळ आणि पेन्सिल. वेग गुणिले वेळ, झाला अंदाज. वेग अर्ध्या नॉटने (ताशी अर्ध्या सागरी मैलाने) चुकला तर दिवसाकाठी 12 सागरी मैलांचा घोळ. म्हणून विमानांची भीती गिळून भरदुपारी वर यायचं आणि सूर्य दिवसातल्या सर्वात उंच जागी पोचला की सेक्स्टंटने (क्षितिजापासूनचा कोन मोजायच्या साधनाने) त्याची उंची घ्यायची. गेममधली तारीख 25 डिसेंबर 1942. उंची 19 अंश 16 मिनिटं, सूर्याची दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनात मोजलेलं अंतर) 23 अंश 24 मिनिटं. दोन्ही 90 मधून वजा केले की अक्षांश 47 अंश 20 मिनिटं उत्तर. चोख! आता फक्त रेखांश.

"दाजी, आहात कुठे तुम्ही?"

"तेच काढतोय."

"म्हणजे हरवलात."

"हरवलो नाही रे. स्थान निश्चित करतोय."

"तिकडे धूर दिसतोय बघा. जहाज असेल. त्यांना विचारा ना."

"शत्रूचं आहे ते."

"असू दे की. रस्ता सांगायला काय जातंय त्यांचं?"

मी शांतपणे समजावलं, की रेडिओवर अवाक्षर काढलं तरी शत्रू दोन-तीन ठिकाणांहून रेडिओलहरींची दिशा धरतो, त्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आपण.

"म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं?"

"बरोबर कळतं."

"आणि तुम्हाला कळत नाही."

"..."

"मग त्यांनाच विचारा!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. त्याच तिरमिरीत मी रेखांश काढला. सूर्य सर्वात उंच होता तेव्हा घड्याळात 13:40. जर्मन पाणबुड्या कुठल्याही समुद्रात असोत, घड्याळ बर्लिनचं. ते उन्हाळी वेळेत ग्रिनिचच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या, 2 तास पुढे. नोव्हेंबर 1942 मध्ये मात्र 1 तासावर आलं होतं. मी सवयीने 2 वजा केले. 11:40, म्हणजे माध्यान्ह ग्रिनिचच्या 20 मिनिटं आधीच. चार मिनिटांना एक अंश, म्हणून 5 अंश पूर्व. पेन्सिल टेकली ती थेट दिजाँवर. खरं उत्तर 12:40, 10 अंश पश्चिम. एका तासाने मला 15 अंश, त्या अक्षांशावर 610 सागरी मैल, पूर्वेला फेकलं. मेव्हणा आत ओरडला, "ताई, दाजी एकदाचे जमिनीवर आले गं!"

हसा. पण घड्याळ कुठल्या वेळेवर चालतंय हे पडद्यावर एका ओळीत लिहायला काय हरकत होती? वाऱ्याची दिशा लिहितात, डिझेल किती उरलं ते लिहितात, आणि ज्यावर रेखांश उभा आहे ते खेळणाऱ्याने हुडकायचं! रात्री ताऱ्यांवरून सुधारावं, तर तारे आणि क्षितिज एकाच वेळी दिसतात ते संधिप्रकाशाच्या चाळीसेक मिनिटांत. प्रवास लवकर उरकावा म्हणून वेळ 1024 पट पळवलेली असली, तर ती चाळीस मिनिटं जेमतेम अडीच सेकंदांत संपतात. सेक्स्टंट उचलेपर्यंत काळोख. पुन्हा सेव्ह उघडा, पुन्हा संधिप्रकाशाच्या मागे धावा. याला म्हणे वास्तवदर्शी!

आणि धुराचं ते जहाज? मी द्राक्षमळ्यात असताना निघून गेलं. त्याला रस्ता माहीत होता.