माळ घालायची आहे, पण पार्टीचं काय?

आषाढी झाली की अनेकांच्या मनात वारकऱ्याची तुळशीची माळ घालायचं येतं. मागोमाग ठरलेली विचारणा: "बाकी सगळं पाळीन, महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या पार्टीपुरती दारू-मटणाची सूट चालेल ना?" नाही चालणार. सूट नाही म्हणूनच त्या माळेला काही अर्थ आहे, असं माझं मत आहे.

गंमत अशी की वारकरी पंथ संसार सोडायला सांगतच नाही. भगवी वस्त्रं नाहीत, ब्रह्मचर्य नाही, नोकरी-शेती सोडणं नाही. सावतोबा मळा करत होते, गोरोबा मडकी घडवत होते. त्यामुळे लोकांना वाटतं, ही आपल्याला सोयीची भक्ती. पण संसार तोच ठेवून त्यातल्या सवयी बदलायला लावणं हे घर सोडण्यापेक्षा अवघड आहे. घर एकदाच सोडायचं असतं, समोर आलेलं ताट रोज सोडावं लागतं.

नेम थोडेच आहेत. गळ्यात 108 तुळशीमण्यांची माळ, दारू-मांस कायमचं बंद, परस्त्री मातेसमान, परधनाला हात नाही, रोज हरिपाठ, दर एकादशी, आणि वर्षातून आषाढी किंवा कार्तिकीची एक तरी वारी. फडावरच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, महाराजांच्या किंवा गावातल्या जुन्या माळकऱ्याच्या हातून, ज्ञानेश्वरीला माळ लावून ती घालतात. विधी पाच मिनिटांचा, नेम जन्मभराचा.

एकादशीचंच बघा. वर्षाला 24, अधिकमास आला तर 26. कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन दिसल्या तर वारकऱ्याची भागवत. दशमीला एकभुक्त म्हणजे एकदाच जेवण, एकादशीला उपास, रात्री भजन-कीर्तनाचा जागर, द्वादशीला सकाळी पारणं. यातला जागर आपण काढून टाकला आणि त्या जागी साबुदाणा आणून ठेवला! साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. कसावा, बटाटा, मिरची, शेंगदाणा हे सगळं मुळात अमेरिका खंडातून आलेलं. खिचडीला कुठलंही शास्त्र नाही. वरून तूप आणि दाण्याचं कूट. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. ॲसिडिटी झाली की दोष उपासाला. भगरीचं पीठही जुनं, ओल धरलेलं घेऊ नका; त्यात बुरशी वाढते आणि उलट्या-चक्कर येऊन माणसं दवाखान्यात पोचतात. भगर घरी निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळा.

मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. उपास एकाचा, आणि घरातल्या बाईला दोन स्वयंपाक: इतरांसाठी पोळी-भाजी, 'ह्यांच्यासाठी' खिचडी, रताळ्याच्या फोडी, दाण्याची आमटी. माळकऱ्याने त्या दिवशी स्वतःपुरतं दूध-फळं घ्यावं आणि ओट्यावरचं काम वाढवू नये. दुसऱ्याच्या कष्टांवर पाळलेल्या नेमाने आपल्यात कणभर फरक पडत नाही.

माळ टिकत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा घाई. पंढरपूरजवळ वाखरीला पालखीच्या घोड्यांचं रिंगण पाहून, डोळे भरलेले असताना घातलेली माळ गावच्या जत्रेत बोकड कापला की डळमळते. म्हणून क्रम उलटा करा. आधी वर्षभर बिनमाळेचं पाळून बघा. त्यात धुळवड, लग्नसराई, ऑफिसची ट्रिप, ३१ डिसेंबर सगळं येऊन जातं. मित्रांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा. 'सध्या बंद आहे' म्हणालात तर आग्रह कधीच थांबणार नाही. हरिपाठ ज्ञानोबांचा, 27 अभंगांचा. पाठ झाला की वीसेक मिनिटांत होतो. रात्रपाळी असेल तर कंपनीच्या बसमध्ये म्हणा, पण तोंडाने म्हणा. कानात इयरफोन लावून ऐकणं म्हणजे हरिपाठ नव्हे.

पालखीबरोबर पुणे-सासवड दिवे घाट एक दिवस चालून फोटो टाकणाऱ्यांवर माझा राग नाही. हौसेने चाला, पाण्याची बाटली रस्त्यात टाकू नका. फक्त त्याला वारी म्हणू नका.

आणि जुन्या माळकऱ्यांनाही एक सांगायचं आहे. अंड्याचा केक खाल्ला की प्रायश्चित्त विचारता, मुलाच्या लग्नात हुंडा घेताना परधनाचा नेम का आठवत नाही? दिंडीत एकमेकांच्या पाया पडता आणि गावी परतल्यावर पंगतीत जात बघता. ताटापुरती पाळलेली माळ म्हणजे नुसता शाकाहार, तो माळेवाचूनही करता येतो.

परदेशी सहलीला निघताना माळ काढून देवघरात ठेवणारे आणि आल्यावर अंघोळ करून पुन्हा घालणारेही आहेत. त्यांनी ती तिथेच राहू द्यावी. देव काही नोटीस पाठवत नाही. हरिपाठ चालू ठेवा, एकादशी जमेल तशी करा, बिनमाळेच्या माणसालाही पंढरपुरात दर्शनाची रांग तीच आहे.