तुमचा रविवार वाया गेला, त्याबद्दल

नमस्कार. माझा लेख होता फ्लायवर, म्हणजे मासा फसवायला गळावर पीस आणि दोरा बांधून केलेल्या नकली किड्यावर. ‘फ्लाय बांधायचं सामान सोलापुरातच मिळतं असं तुम्ही लिहिलंत. मी अख्खा रविवार फिरलो. चिकनवाल्यानं वेड्यात काढलं, जाळीवाल्याकडे डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, नसलेले गळ निघाले. सगळं बाहेरूनच मागवावं लागतं, उगाच लोकांना हिंडवू नका. आणि मोरपिसं वापरणं गुन्हा आहे,’ अशी तुमची प्रतिक्रिया. राग रास्त आहे. पण सगळा नाही.

पिसांची चूक माझीच. ‘चिकनच्या दुकानातून आणा’ एवढं लिहून मी मोकळा झालो. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो. त्या वयात मानेवर लांब, चकाकतं पीस आलेलंच नसतं. दुकानदार पोतंभर पिसं देईल, पण ती उशीत भरायची. आपल्याला हवा पुरता वाढलेला गावरान कोंबडा, म्हणजे त्याची मान आणि शेपटीजवळची पाठ. मी खेड्यातल्या ओळखीच्यांना आधी सांगून ठेवतो: गरम पाण्यात बुडवायच्या आधी तेवढी पिसं कोरडीच उपटून ठेवा. मग साबणाच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायची, नाहीतर किडे डबाच्या डबा खातात. (यावरून घरात जे ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.)

हे पीस मऊ असतं, पाणी पितं. पाण्यावर ताठ तरंगणाऱ्या फ्लायला ते चालत नाही. तिला लागणाऱ्या पिसासाठी अमेरिकेत कोंबड्यांची खास पैदास करतात, ते बाहेरूनच येणार. तिथे तुमचं खरं. पण उजनीवर आपण धरतो काय? चिलापी आणि मरळ. चिलापीला पाण्याखाली जाणारी बारीक फ्लाय पुरते, मरळीला फोमचा बेडूक. तुमच्या हातातली यादी थंड पाण्यातला ट्राउट मासा धरणाऱ्यांची आहे, म्हणून सोलापूर रिकामं दिसलं.

धाग्यावर मात्र मी हटणार नाही. विणकरांच्या गावात राहून बाहेरून दोरा मागवायचा म्हणजे कमालच! फ्लायचा बारीक दोरा ७० डेनियरच्या आसपास असतो, म्हणजे ९००० मीटरचं वजन ७० ग्रॅम. शिंप्याचा दोरा त्याहून जाड, वर पीळ दिलेला. चार वेढ्यांत गाठोडं होतं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, जाऊन नुसता ‘बारीक दोरा’ मागू नका, ७५ डेनियरचा बिनपिळाचा पॉलिस्टर फिलामेंट म्हणा. तो गळावर सपाट बसतो. टॉवेलवाल्याकडे सूतच असणार, तेव्हा साडी किंवा फॅन्सी कापडवाला गाठा. तळाशी उरलेला कोनसुद्धा आपल्याला कितीतरी दिवस पुरतो. मोठ्या फ्लायला मशीन एम्ब्रॉयडरीचा दोरा चालतो. चमक हवी तर बारीक जर. वरून गुंडाळायची तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, ३६ गेजची. तो वजनावर विकतो, पण तुकडा मागितला तर बहुधा तसाच देतो.

गळांचं तुमचं म्हणणं मान्य. चपट्या टोकाचा गळ फ्लायला निरुपयोगी, डोळ्याचाच हवा. मीही ऑनलाइन मागवतो: चिलापीला १० आणि १२ नंबर, मरळीला १/०. व्हाइसही, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरणारा चिमटा, मागवाच, तिथे काटकसर नको. फ्लायच्या डोक्यावर, म्हणजे दोऱ्याच्या शेवटच्या गाठीवर, लावायला बिनरंगी नेलपॉलिश पुरे.

आता मोरपिसं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात मोराला संरक्षण आहे, पण आपोआप गळलेल्या शेपटीच्या पिसांना देशात सूट आहे, निर्यातीला बंदी. मी सोलापूरच्या गड्डा यात्रेतून दोन-चार घेतो, वर्षभर पुरतात. खरी भानगड रानकोंबड्याची. सामन माशासाठीच्या जुन्या विलायती फ्लायमध्ये चमकत्या ठिपक्यांचं जे पीस दिसतं, ते या आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याच्या मानेचं. तोही संरक्षित आहे, आणि त्याला सूट नाही. कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

मूळ लेखातलं चिकनच्या दुकानाचं वाक्य आजच बदललं आहे.